लग्नघरची अडीनडीची पिशवी : खान्देशातल्या उन्हाळी लग्नासाठी

माझं लग्न आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर लागलं. मुहूर्ताला वीसेक मिनिटं उरली होती. मामा मला मांडवात न्यायला दारात उभे होते. मी आजीच्या पाया पडायला वाकले आणि ब्लाऊजचे मागचे दोन हुक एकदम तुटले. खोलीत पंधराएक बायका. सुई सापडली, पण दोरा दुसऱ्या सुटकेसमध्ये. त्या सुटकेसची किल्ली भावाच्या खिशात आणि भाऊ जानोशावर वऱ्हाडाला चहा द्यायला गेलेला. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात माझी मोठी माय गर्दीतून पुढे आली. "कसाले रडस वं माय? मन्हाजोडे शेतस ना पिना," म्हणत तिने आपलं मंगळसूत्र पदरातून बाहेर काढलं. त्याच्या वाट्यांमागे सात-आठ सेफ्टी पिनांचा झुबका अडकवलेला होता. मला पाठमोरी उभी करून तिने चार पिना आतून अशा लावल्या की बाहेरून कुणाला कळलं नाही. दोन मिनिटांत मी मांडवाकडे निघाले.

त्यानंतर धाकट्या बहिणीचं, चुलत आणि मावस बहिणींची, दोन दिरांची, अशा नऊ लग्नांत अडीनडीची पिशवी मी भरली. पहिल्या दोन वेळा बरंच चुकलं. सामान भरपूर होतं, पण वेळेला हाताशी नव्हतं. तुमच्या घरी पहिलंच कार्य असेल तर माझ्या चुका तुम्हाला करायला लागू नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी माणूस ठरवा, मग सामान

बहुतेक घरांत पिशवी भरली जाते आणि नेमकी कुणाकडे द्यायची ते कुणी ठरवत नाही. आईला वाटतं काकूकडे आहे, काकूला वाटतं करवलीकडे. मोठ्या मायच्या पिना कामाला आल्या, कारण त्या तिच्या गळ्यात होत्या. म्हणून पहिलं काम हे: नवरीच्या चार हातांच्या आत दिवसभर राहील अशी एक बाई निवडा आणि तिला आठ दिवस आधी तसं स्पष्ट सांगा.

नवरीच्या आईला हे काम देऊ नका. तिला विहिणीचं बघायचं असतं, देवकाचं बघायचं असतं, आणि सप्तपदीच्या वेळी तिचे डोळे कोरडे नसतात. सख्खी करवलीही नको, तिला फोटोसाठी सारखी बोलावणी येतात. मामी, लग्न झालेली मोठी मावसबहीण किंवा नवरीची शाळेपासूनची मैत्रीण सगळ्यात चांगली. शांत डोक्याची हवी. नवरीला ऐन वेळी "आता कसं गं होईल?" असं विचारणारी नको.

तिच्या जोडीला एक तरुण मुलगा ठरवा, चुलतभाऊ किंवा भाचा. गाडी चालवता येणारा, फोन उचलणारा आणि वरातीत नाचायला न जाणारा. औषधाच्या दुकानात धावणं, बर्फ आणणं, दवाखान्यात नेणं ही त्याची कामं. त्या दोघांकडे एकमेकांचा नंबर आहे ना, हेही बघा. आमच्या एका लग्नात तोच नव्हता.

२. एका मोठ्या पिशवीऐवजी तीन जागा

सगळं एका बॅगेत कोंबलं की पिन काढायला अख्खी बॅग पलंगावर उपडी करावी लागते. मी तीन भाग करते.

पहिली खांद्याला अडकवायची छोटी पर्स, ती सांभाळणाऱ्या बाईच्या अंगावरून दिवसभर उतरत नाही. तिच्यात पिना, ओवलेली सुई, रुमाल, टिकल्या, पाण्याची छोटी बाटली, ओआरएसची दोन पाकिटं, पॅड, सुट्टे पैसे आणि नवरीचा फोन.

दुसरा डबा नवरीच्या खोलीत राहतो. कपड्यांचं, शृंगाराचं आणि औषधांचं मुख्य सामान त्यात. डब्यावर मोठ्या अक्षरात "नवरीचं सामान, उचलू नये" असं लिहून चिकटवा. लग्नघरात बिननावाची वस्तू पंधरा मिनिटांत जागा बदलते.

तिसरा भाग गाडीत: जास्तीचं पाणी, चादर, टॉवेल, टॉर्च, ज्यादा चपला. इथे एक धोक्याची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून त्याहून कितीतरी तापते. गाडीत औषधं, लिपस्टिक, पॉवर बँक, टिकल्यांची पाकिटं ठेवू नका. एकदा आम्ही कॅप्सूलची पट्टी डिकीत विसरलो, तर संध्याकाळी कॅप्सूल मऊ होऊन एकमेकींना चिकटलेल्या.

३. उन्हाची तयारी

मुंबई-पुण्याकडच्या एसी हॉलमधल्या लग्नासाठी लिहिलेल्या याद्या वाचून इकडे पिशवी भरू नका. त्यांत केसांचा स्प्रे पहिल्या नंबरवर असतो. आपल्याकडे पहिला नंबर पाण्याचा आणि मिठाचा. पत्र्याचा किंवा कापडाचा मांडव, भरजरी शालू, अंगावर दागिने, त्यात होमाचा धूर आणि नवरीचा सकाळपासूनचा उपास, एवढं एकत्र आलं की धडधाकट मुलगीही पाटावर चक्कर येऊन पडते.

ओआरएसची किमान वीस पाकिटं घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटं २०० मिलिलिटर पाण्यात घालायचं असतं. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण वाचा, अंदाजाने अर्धा पेला पाण्यात कालवू नका. पाणी कमी पडलं तर मीठ आणि साखर जास्त होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. फळांच्या चवीचं गोड पेय हे ओआरएस नव्हे, औषधाच्या दुकानातून नीट मागून घ्या. पाकिटं संपलीच तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा विरघळवा. प्रमाण कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे गडबडीत कुणालाही करता येईल.

नवरीला तहान लागायची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाने चार घोट द्या. पुष्कळ मुली लघवीला जायला लागू नये म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. नऊवारी किंवा जड शालू सावरून बाथरूमला जाणं खरंच अवघड असतं, पण त्यावर उपाय म्हणजे सोबत दोन बायका जाणं. हे नवरीला आदल्या दिवशीच सांगा: "तू पाणी पी, आम्ही दोघी येतो सोबत." एवढं सांगितलं तरी तिचा जीव हलका होतो. कार्यालय बघायला जाल तेव्हा नवरीच्या खोलीला लागून बाथरूम आहे का, त्यात पाणी येतं का, कडी लागते का, हेही बघून या.

उपासाचं घरातल्या मोठ्यांशी आधीच बोला. आमच्या आजीने ताक, केळं आणि राजगिऱ्याचा लाडू चालेल असं सांगितलं आणि प्रश्न मिटला. रावेर-यावलच्या केळ्यांच्या मुलखात नवरी उपाशी बसवायची काही गरज नाही. पर्समध्ये खारीक आणि गूळ-शेंगदाणे ठेवा, ते वितळत नाहीत, हात चिकट होत नाहीत आणि साडीवर सांडत नाहीत.

आता वऱ्हाडाविषयी. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात वरात साडेचारला निघाली. ऊन कलायला आलं होतं, पण डांबर तापलेलंच. नवरदेवाचे साठीतले काका, अंगात सफारी, डोक्याला फेटा, आणि दुपारी पंगतीत वाढायला उभे होते म्हणून जेवण राहिलेलं. मारुतीच्या पाराजवळ ते थांबले आणि भाच्याला म्हणाले, "पाय हलके वाटताहेत रे." त्या मुलाने त्यांना हसून पुढे ओढलं नाही, पारावर निंबाच्या सावलीत बसवलं. फेटा काढला, सफारीची बटणं सोडली, गमछा पाण्यात बुडवून मानेवर ठेवला, ओआरएस घोट घोट पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत ते नीट बोलायला लागले. तरीही आम्ही त्यांना वरातीत परत पाठवलं नाही, गाडीने घरी नेलं.

हे साधं थकणं होतं. माणूस असंबद्ध बडबडू लागला, ओळखेना, चालताना झोकांड्या खाऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपली किंवा अंग हाताला चटका बसेल एवढं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतो आहे की थांबला आहे याची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. पुरती शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं यात वेळ दवडू नका.

१०८ वर पत्ता सांगता आला पाहिजे. गावाचं नाव, तालुका, मुख्य रस्त्यावरून वळायची खूण, असं दोन ओळींत कागदावर लिहून डब्याला आणि मांडवाच्या खांबाला चिकटवा. सुरत-नाशिकहून आलेल्या पाहुण्यांना आपल्या गावाची वाट सांगता येत नाही, आणि नेमका फोन त्यांच्याच हातात असतो.

४. औषधं

दोन वेगळे पाऊच करा. एकात घरच्या मोठ्यांची रोजची औषधं, दुसऱ्यात किरकोळ दुखण्याची.

रोजच्या औषधांत सगळ्यात जास्त घोळ होतात. बापाची बीपीची गोळी घरी देवळीत राहते आणि कार्यालय तीस किलोमीटरवर असतं. प्रत्येकाच्या तीन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या पाकिटात घालून वर नाव आणि वेळ लिहा: "आप्पा, सकाळी जेवणानंतर", "मोठे मामा, रात्री". डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पोरांच्या फोनमध्ये ठेवा. इन्सुलिन असेल तर थंडाव्याची पिशवी लागते. ती नसेल तर मातीच्या मडक्याभोवती ओलं फडकं गुंडाळून त्यात कुपी कोरड्या डब्यात ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. साखरेच्या पेशंटला मुहूर्त लांबला तरी जेवणाच्या वेळी जेवायला बसवा, पंगतीची वाट बघायला लावू नका.

किरकोळ औषधांत एवढं पुरतं:

- पॅरासिटामॉल, पित्ताची गोळी, ॲलर्जीची गोळी (तिने झोप येते, नवरीला मुहूर्ताआधी देऊ नका)
- बँडएड, कापूस, जंतुनाशक, चिकटपट्टी, क्रेप बँडेज
- दुखऱ्या पायांना लावायचं मलम
- थर्मामीटर
- लहान मुलांची औषधं, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितली असतील तीच

दुसऱ्याची गोळी दुसऱ्याला देऊ नका. आधी विचारा, कशाची ॲलर्जी आहे का, आधीपासून कुठलं औषध चालू आहे का. छातीत दुखणं, हात-जबडा जड होणं, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, यांपैकी काही दिसलं तर पित्ताची गोळी देऊन बसवून ठेवू नका. सरळ १०८.

आचाऱ्याकडे कुणी भाजलं, किंवा होमाशी कुणाचा हात पोळला, तर भाजलेली जागा वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता डोळ्यात जातात, हे दर लग्नात कुणाला ना कुणाला होतंच. डोळा चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा. नवरी लेन्स लावत असेल तर लेन्सची डबी, पाणी आणि जुना चष्मा डब्यात हवाच, कारण होमाच्या धुराने लेन्स काढायची वेळ येऊ शकते.

पाळीविषयी मोकळेपणाने लिहिते, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. पाळी पुढे ढकलायची गोळी लग्नाच्या सकाळी घेऊन उपयोग नसतो, ती तारखेच्या काही दिवस आधी सुरू करावी लागते आणि सगळ्यांना ती चालत नाही. नवरीने महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं, मैत्रिणीकडून पट्टी घेऊ नये. आणि तारीख जवळ असो वा नसो, पॅड, जास्तीचे आतले कपडे आणि काळी पिशवी डब्यात ठेवा. ताणाने पाळी अलीकडे-पलीकडे होते.

५. कपडे, पिना आणि हळदीचे डाग

पिनांसाठी मी जुना मिसळणाचा डबा वापरते. सात वाट्या, वर झाकण. एका वाटीत मोठ्या सेफ्टी पिना, एकीत छोट्या, एकीत केसांच्या काळ्या पिना, एकीत यू पिना, एकीत हुक आणि बटणं, एकीत टिकल्या, मधल्या वाटीत जोडवी आणि नथीची ज्यादा मळसूत्रं. झाकण उघडलं की सगळं एका नजरेत दिसतं. पहिल्यांदा डबा साबणाने धुवून दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर पिनांना हळद-मिरचीचा वास राहतो आणि त्या पिना शालूत जातात.

सुया ओवूनच ठेवा. लाल, हिरवा, सोनेरी, पांढरा आणि काळा दोरा ओवून, गाठ मारून, स्पंजच्या तुकड्यात खुपसा. मेंदीच्या हातांनी आणि घाईच्या डोळ्यांनी सुई ओवली जात नाही, हे मी स्वतः बघितलं आहे. छोटी कात्री, परकराची जादा नाडी आणि ती ओवायला मोठी पिन, दोन बाजूंनी चिकटणारी टेप, फेविक्विक (तुटलेल्या चपलेला आणि रुखवताला, अंगाजवळ नको). नऊवारी किंवा शालू नेसवणारी बाई बाहेरून येणार असेल तर ती उशिरा आल्यास दुसरी कोण नेसवेल, तेही ठरवून ठेवा.

ब्लाऊज आठ दिवस आधी घालून, हात वर करून, वाकून, पाटावर मांडी घालून बघा. फक्त आरशासमोर उभं राहून घालून बघितलं की कळत नाही. माझे हुक वाकताना तुटले. शिंप्याला मागच्या शिवणीत पाऊण इंच कापड ठेवायला सांगा आणि दुहेरी हुक लावून घ्या.

हळदीच्या डागांत लोक हमखास फसतात. साडीवर हळद पडली की लगेच कुणीतरी साबण घेऊन येतं, आणि पिवळा डाग लालभडक होतो. साबणातल्या खारामुळे हळदीचा रंग बदलतो. घाबरून आणखी घासलं जातं आणि जरीचे धागे उसवतात. डाग पडला तर कोरड्या रुमालाने वरची हळद टिपून घ्या, घासू नका, आणि पदराची घडी किंवा शेला त्यावर घ्या. नंतर सुती कपडा साध्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने विटतो. रेशमी शालू मात्र उन्हात टाकू नका, ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग हळदीचा आहे असं सांगा. वांग्याच्या भाजीची तर्री सांडली तर टाल्कम पावडर टाकून तेल शोषू द्या, मग झटका.

६. शृंगार

इथे थोडक्यात. लिपस्टिक लावली त्याच रंगाची, काजळ, काँपॅक्ट, टिशू पेपर, ओले वाइप्स, कंगवा, गजऱ्याची एक जादा जोडी ओल्या फडक्यात. घामाने टिकलीचा गोंद सुटतो, म्हणून कुंकू आणि मेण ठेवा. हिरवा चुडा फुटतोच, नवरीच्या मापाच्या (दोन-चार की दोन-सहा ते कासाराकडे विचारून) डझनभर बांगड्या जादा घ्या. काळी झटपट मेंदी अजिबात लावू नका. तिच्यात केसांच्या रंगातलं रसायन असू शकतं, त्याने हात सुजतात, फोड येतात.

७. विधीचं सामान

खान्देशात घराघराची रीत वेगळी. लेवा पाटलांकडचं वेगळं, मराठ्यांकडचं वेगळं, गुजरांकडचं वेगळं, आणि एकाच समाजात कुळागणिक फरक. त्यामुळे माझी यादी तुमच्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. दोन माणसांना विचारा: पंधरा दिवस आधी गुरुजींना, आणि त्यांच्याइतकंच घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला. देव लावणं, तेलन, मांडवाच्या डहाळ्या, कुलदेवतेचं सामान हे तिला तोंडपाठ असतं. ती बोलत असताना लिहून घ्या. शेजारी बसून, घाई न करता.

मी पाहिलं त्यात ऐन वेळी विसरलेल्या वस्तू बहुधा याच असतात: अंतरपाटाचं कापड, लाजाहोमाच्या लाह्या, जानवं, हळकुंडं, सुपाऱ्या, कापूर, काडेपेटी, कानपिळीच्या वेळी भावाला द्यायचं, नवरदेवाच्या कट्यारीला लावायचं लिंबू. काडेपेटीच्या दोन पेट्या ठेवा, एक कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. होमाशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि नवरीचा शेला पिनेने आवळून बसवा. तो नायलॉनचा असतो आणि ठिणगीने क्षणात पेटतो.

८. पैसे आणि कागद

सुट्ट्या नोटा बँकेतून आठवडाभर आधी आणा: दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभरच्या, आणि एक रुपयाची भरपूर नाणी, कारण ११, २१, ५१, १०१ सगळ्यात वरचा रुपया लागतोच. पाकिटांवर आधीच लिहा: गुरुजी, वाजंत्री, आचारी, वाढपी, नेसवणारी, घोडेवाला, जोडे लपवणाऱ्या साळ्या. ऑनलाइन पैसे देता येतील असं धरून चालू नका. गावाकडे मांडवात पाचशे फोन एकत्र आले की रेंज बसते.

ही पाकिटं आणि दागिने अडीनडीच्या पिशवीत ठेवू नका. ती पिशवी दिवसात पन्नास वेळा उघडते. पैशाला आणि सोन्याला वेगळा, वयाने मोठा, एका जागी बसणारा माणूस हवा. आमच्याकडे आत्याचे यजमान, भाऊसाहेब, ते काम करतात. मांडीवर बॅग, वर टॉवेल, आणि जागचे हलत नाहीत.

कागदांत विवाह नोंदणीचा विचार त्याच दिवशी करा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. अर्जाचा नमुना ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून आधीच आणा आणि तिथेच कुठले कागद लागतात ते विचारून या. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, तीन साक्षीदार लागतात. गुरुजींची सही त्याच दिवशी जेवणाआधी घ्या. आमच्या घरातल्या एका जोडप्याने ते नंतरवर टाकलं. गुरुजी परजिल्ह्यातले होते आणि त्या एका सहीसाठी दोन फेऱ्या पडल्या. सोबत लग्नपत्रिकेच्या तीन-चार प्रती, दोघांच्या आधार कार्डाच्या आणि वयाच्या पुराव्याच्या झेरॉक्स, आणि लग्न लागतानाचा दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा फोटो काढायला फोटोग्राफरला सांगून ठेवा.

महत्त्वाचे दहा फोन नंबर कागदावर लिहा. आचारी, मंडपवाला, बँड, गाड्या, गुरुजी, जवळचा दवाखाना. नंबर ज्या फोनमध्ये असतात तो फोन नेमका बंद पडतो.

९. वीज आणि फोन

जनरेटर आहे का आणि त्यात डिझेल आहे का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. टॉर्च, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन पॉवर बँक, सगळ्या पिनांचे चार्जर. गोरज मुहूर्त असेल तर टॉर्च नवरीच्या खोलीतच हवी. हातपंखे किंवा विंझणे डझनभर ठेवा. वीज गेली की कुलर बंद पडतो, आणि पाटावर बसलेल्या दोघांना वारा घालायला कुणीतरी पुढे यावं लागतं.

१०. नवरदेवाची पिशवी

मुलाकडचे म्हणतात, त्याला काय लागतं? लागतं. नवे जोडे टाचेला लागतात, बँडएड हवं. शेरवानीचं बटण तुटतं. फेटा घामाने सैल होतो, तेव्हा यू पिना आणि पुन्हा बांधणारा माणूस हवा. रुमाल चार, जादा बनियन दोन, टाल्कम पावडर, मुंडावळ्यांची दुसरी जोडी, चष्मा असेल तर चष्मा. घोड्यावर बसायच्या आधी पोटभर पाणी आणि काहीतरी खाणं. त्याच्या पिशवीची जबाबदारी धाकट्या भावावर नको, तो बँडसमोर असतो. मेहुणे किंवा लग्न झालेला मित्र बघा.

११. कधी काय करायचं

बस्ता झाला त्याच आठवड्यात पिशवी सांभाळणारी बाई ठरवा. पंधरा दिवस आधी गुरुजींची यादी, डॉक्टरांची भेट, ब्लाऊज घालून बघणं. आठ दिवस आधी औषधाचं दुकान, नोटा, अर्ज. तीन दिवस आधी दोघींनी मिळून डबा भरा, एकीने वाचायचं आणि दुसरीने ठेवायचं. हळदीच्या दिवशी त्यातल्या वस्तू वापरल्या जातात, म्हणून हळदीच्या रात्री डबा पुन्हा उघडून संपलेलं भरा. माझी पहिली मोठी चूक हीच झाली होती: हळदीला अर्ध्या पिना आणि सगळी ओआरएसची पाकिटं संपली आणि लग्नाच्या सकाळी दुकानं उघडायची होती. सुटकेसच्या किल्ल्या एकाच कडीत, लाल दोरा बांधून, पिशवीवालीच्या कमरेला. नंबरचं कुलूप असेल तर नंबर दोघींना माहीत हवा.

पाठवणीच्या आधी एक छोटी पिशवी वेगळी भरा, नवरीच्या एकटीच्या हातात द्यायला. लग्न लागल्यावर तिच्या मोठ्या बॅगा कुठल्यातरी गाडीच्या टपावर जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडत नाहीत. नव्या घरात पहिल्या रात्री कुणाला काय मागावं हे तिला कळत नाही, आणि ती मागत नाही. म्हणून त्यात एक सुती गाऊन किंवा ड्रेस, आतले कपडे, ब्रश, कंगवा, पॅड, तिची रोजची गोळी, डोकेदुखीची गोळी, चार्जर, साध्या चपला, पाण्याची बाटली, पाचशे रुपये सुट्टे. माझ्या धाकटीला मी ती गाडीच्या खिडकीतून मांडीवर ठेवली आणि सांगितलं, ही टपावर द्यायची नाही, कुणी मागितली तरी. रात्री साडेअकराला तिचा फोन आला. शालू बदलून ती सुती ड्रेसमध्ये बसली होती, आणि खारकेचं पाकीट वरच ठेवलं होतं म्हणून ते तिला लगेच सापडलं होतं.